चक्कीपासून दूरचं घर

मशीन सुरू करण्याआधी भाऊ खाली वाकायचे, चिमूटभर वाळकं गवत खुडायचे, तळव्यांत चुरगळायचे आणि हात खांद्याएवढा वर नेऊन तो चुरा हळूच सोडून द्यायचे. चुरा कुठे जातो ते डोळे बारीक करून बघायचे. वारा माझ्या खिडक्यांकडे असला तर मान हलवत मशीन ढकलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे. वारा पलीकडच्या भिंतीकडे असला तर वर बघून हात हलवायचे आणि ओरडायचे, "चलो, आज लायब्ररी वाचली!"

मी जबलपूरच्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्या सहा मोठ्या खिडक्या थेट मैदानावर उघडतात. भाऊ त्या मैदानाचं गवत कापायचे. तीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं. तुमच्या शाळेत, ऑफिसात, कॉलनीत असा एखादा माणूस असेलच. तो रोज दिसतो, आणि दिसतो म्हणूनच आपण त्याच्याकडे बघत नाही. मीही बघितलं नसतं. पण माझं आणि भाऊंचं आधी भांडण झालं.

मी इथे रुजू झाले तेव्हा मार्च होता. सांगलीहून इतक्या लांब कशाला जातेस, असं घरी सगळ्यांनी विचारलं होतं. नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वरची खोली घेतली होती. खाली दिवसभर पेशंटांची नावं पुकारली जायची. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की त्या इमारतीत मी एकटी. कॉलेजात गेलं की माणसांत आल्यासारखं वाटायचं, म्हणून मी वेळेच्या आधीच जायची.

चौथ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तर सगळ्या टेबलांवर पिवळट धूळ. रजिस्टरवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडून घेतलेलं सगळं वाया. खाली मशीनचा घरघराट चालू होता, आणि मैदानावर एक माणूस धुळीच्या ढगात जाऊन ढगातून बाहेर येत होता. मी तिथल्या तिथे प्राचार्यांच्या नावे शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. मला माझ्या हिंदीचा थोडा अभिमानच वाटला.

दुपारी तो अर्ज हातात घेऊन भाऊ आले. कागदाला डाग लागू नये म्हणून त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता. डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर गवताचा भुसा. दारातच थांबले.

"मॅडम, ये आपने लिखा है?"

"हाँ," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली. आडनावापाशी थांबले. "मराठी?"

"हो."

"अच्छा! मग मराठीत रागवायचं ना. हिंदीत रागावलं की वाटतं पोलीस आले."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. विचारलं, "उन्हाळ्यात गवत वाढत तर नाही. मग कापता कशाला?"

"काहून म्हणजे? या इकडे." ते आत आले नाहीत. बाहेरच्या व्हरांड्यातून त्यांनी मला मैदानाची मागची कड दाखवली. तिथे गुडघाभर उंच वाळकं गवत उभं होतं आणि त्याच्यामागच्या भिंतीवर एक मोठा काळा डाग होता. "भिंतीपलीकडे रस्ता. कोणी जळती बिडी फेकली की झालं. मागं एकदा पेटलं होतं. होस्टेलच्या पोरींचे वाळत घातलेले कपडे गेले, पोरी वाचल्या. तेव्हापासून होळीच्या आत सगळं कापून टाकतो मी. कापून राहिलो ते तुमच्यासाठीच, आणि तुम्ही अर्ज करून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी टेबलं स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशीही. मी खिडकीतून बघायला लागले. भाऊ आता उजाडता उजाडता येत होते, गवतावर रात्रीचा ओलावा असेपर्यंत माझ्या बाजूचा पट्टा उरकून घेत होते आणि ऊन चढलं की लांबच्या कडेला जात होते. आदल्या संध्याकाळी टाकीत पाणी शिल्लक असेल तर पाइप लावून कडेकडेनं शिंपडून ठेवायचे. नाकपुडीत बोटभर सरसोंचं तेल, तोंडावर ओला गमछा, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा जुना चष्मा. दर अर्ध्या तासाने मशीन थांबवून तिचा फिल्टर काढायचे आणि दगडावर आपटून झटकायचे. "मशीनला पण नाक आहे ताई," म्हणायचे. "आपण खोकतो तरी, ती बिचारी सरळ बंदच पडते."

चारचौघांत ते मला मॅडम म्हणत. मराठीत बोलताना ताई.

त्यांना मात्र सगळं कॉलेज भाऊ म्हणायचं, आणि विद्यार्थी तर 'भाऊ भैया'. दोन भाषांत दोनदा भाऊ. खरं तर त्यांना सख्खा भाऊ नव्हता, बहीणही नव्हती. घराणं इथलंच, मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेलं. "आमचे कोणी पूर्वज म्हणे घोड्यांच्या गवताचा हिशेब बघायचे," एकदा म्हणाले. "घोडे गेले, फौज गेली. मी अजून गवतच बघून राहिलो."

गवत कसं कापावं यावर त्यांची मतं पक्की होती. नव्या प्राचार्यांनी एकदा सांगितलं, अगदी मुळापासून साफ करा, म्हणजे पुन्हा पुन्हा कापायला नको. भाऊंनी समोर "जी सर" म्हटलं आणि मशीनचं पातं आणखी एक खाच वर केलं. मला म्हणाले, "सुक्या दिवसांत बोटभर ठेवावं लागते. मुळाशी गेलं की माती उघडी पडते. मग गवत नाही कापत आपण, धूळच कापत बसतो." प्राचार्यांना फरक कळला नाही, मैदान हिरवं नसलं तरी उघडं पडलं नाही, आणि दोघंही समाधानी राहिले.

काम संपलं की भाऊ मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर आंघोळ करायचे. हे मला आधी विचित्र वाटलं. हातपाय धुणं नव्हे, पूर्ण आंघोळ. डोकं साबणानं दोनदा. मग पंपाच्या खोलीत जाऊन कपडे बदलायचे, कामाचे कपडे तिथेच धुऊन दोरीवर टाकायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून सायकलीवर घरी जायचे. थंडीतसुद्धा. एखाद्या कारकुनापेक्षा ते स्वच्छ दिसायचे. एकदा डिसेंबरात कुडकुडताना बघून मी म्हटलं, "भाऊ, घरी जाऊन गरम पाण्यानं करा ना आंघोळ. घरी कोण काय म्हणणार आहे?"

"घरी कोणी नाही," ते म्हणाले.

"मग?"

"सवय मोडायला नको. ती आली तर पंचाईत होईल."

अशी मला वहिनींची ओळख झाली.

वहिनींना दमा होता. म्हणजे घरातले सगळे त्याला दमा म्हणायचे. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी सुरू झाला आणि वाढतच गेला. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ येते का? दोघांनीही एकदम भाऊंच्या कपड्यांकडे बघितलं. त्या दिवसापासून भाऊंनी धूळ घरी न्यायची नाही असं ठरवलं. आधी कपडे बदलायला लागले, मग नळावर आंघोळ, मग चप्पल बाहेरच्या खोक्यात. तरी वहिनींचा श्वास अडकायचाच. भाऊंनी केस बारीक कापले, मिशी काढली. शेवटी आपलं अंथरूण व्हरांड्यात टाकलं. तिथे ते सहा वर्षं झोपले. पावसाळ्यात ताडपत्री लावून.

"नोकरी सोडायचं नाही आलं मनात?" मी विचारलं होतं.

"आलं ना. दोनदा आलं. एकदा रांझीला फॅक्टरीत ठेकेदाराकडे विचारून आलो. तिथं तर लोखंडाचा भुसा उडत होता." मग म्हणाले, "आणि मला दुसरं काही येत नाही ताई."

मग मुलीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. तिला मूल झालं तेव्हा वहिनी महिनाभरासाठी तिकडे गेल्या. तिथे त्यांना एकदाही दम लागला नाही. मुलीनं फोन करून सांगितलं, "बाबा, आई इथे जिने चढते." भाऊच म्हणाले, मग राहू दे तिला तिकडेच. मी इथे रुजू झाले त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. मी त्यांच्याकडे रागानं बघत होते तेव्हा ते घरी जाऊन एकट्यापुरता भात लावत होते, आणि तिच्या श्वासात अडकणारी धूळ म्हणजे आपणच, असं काहीसं समजून चालले होते.

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते ग्रंथालयाच्या जिन्यावर बसून वहिनींना फोन करायचे. तिथे आवाज घुमतो, त्यामुळे मला ऐकू यायचं. बोलणं अगदी साधं. जेवलीस का, काय भाजी होती, नात शाळेत गेली का. मग म्हणायचे, "आणि श्वास?" बहुधा तिकडून "ठीक आहे" येत असावं. त्यावर भाऊ "अच्छा" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मीही त्याच वेळी डबा खायची. माझ्या फोनवर त्या वेळी कोणी नसायचं. आमच्यात एक भिंत असायची, पण मला त्या दोघांबरोबर जेवल्यासारखं वाटायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एके वर्षी दिवाळीनंतर भाऊ दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मैदानावर न जाता वर आले आणि पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसले.

"ताई, एक विचारायचं होतं. गव्हाच्या पिठानं दम लागतो का माणसाला?"

झालं होतं असं. दिवाळीच्या फराळासाठी वहिनींनी नाशिकला बसून पाच-सहा किलो पीठ चाळलं होतं. एरवी मुलीकडे स्वयंपाकाला बाई होती, त्यांचा पिठाशी संबंध येत नव्हता. चाळता चाळता त्यांचा श्वास असा अडकला की हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरला नवल वाटलं. मुलीचं घर सातव्या मजल्यावर, तिथे ना गवत, ना धूळ. त्यानं हातावर थेंब टाकून टोचून करतात ती तपासणी केली. गवताच्या थेंबाला काही झालं नाही. मातीच्याही नाही. पिठाच्या थेंबाजागी मात्र रुपयाएवढी गांधी उठली.

"तिकडे गवत नाही, धूळ नाही, मी पण नाही," भाऊ म्हणाले. "मग काहून दम लागला, असं मीच विचारलं मुलीला. तेव्हा तिनं सांगितलं."

मला अजून उलगडा होत नव्हता. "पण इथे कुठे एवढं पीठ?"

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं घर चक्कीच्या वर आहे ताई. आटा चक्की. सकाळी आठपासून चालू. लग्नानंतर सात-आठ वर्षांनीच गेलो होतो तिथे. ग्राउंडच्या जवळ पडते म्हणून मीच घेतलं होतं ते घर."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कोणीतरी आउट झाल्याची ओरड झाली. भाऊंनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा घडी घालून ठेवला.

"घर बदललं असतं तर भागलं असतं," ते म्हणाले. "मी कपडेच बदलत राहिलो."

मी पाणी दिलं, ते प्यायले आणि उठून कामाला गेले. त्या दिवशी त्यांनी वारा बघितला नाही. माझी सगळी टेबलं धुळीनं भरली आणि मी खिडक्या लावल्या नाहीत.

त्यानंतरचा महिना भाऊंनी घर शोधण्यात घालवला. त्याची हकीकत ते रोज येऊन सांगायचे आणि आम्ही दोघंही हसायचो. कारण कुठल्याही मोहल्ल्यात जाऊन ते पहिला प्रश्न हाच करायचे, "यहाँ आटा चक्की कितनी दूर है?" लोकांना वाटायचं, माणूस सोय बघतोय. मग घरमालक छाती फुगवून सांगायचे, "चिंता मत करो भैया, बिलकुल बगल में है!" भाऊ हात जोडून सायकलीवर बसायचे. एका ठिकाणी तर मालकीणबाई म्हणाल्या, चक्की आमचीच आहे, दळण फुकट करून देऊ. भाऊ म्हणाले, "तिथून तर मी पळालोच."

शेवटी रांझीच्या बाजूला, फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका गृहस्थाच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तो गृहस्थ ओशाळून म्हणाला, "घर अच्छा है, बस एक ही कमी है, चक्की बहुत दूर पड़ती है." भाऊंनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मला घर दाखवायला घेऊन गेले. "बाईमाणसाच्या नजरेनं बघा," म्हणाले. मी बघितलं. दोन खोल्या, समोर गच्ची, मोठी खिडकी, खिडकीतून कडुलिंब. भाऊंनी स्वतः चुना लावला होता, तो थोडा जमिनीवर सांडला होता. स्वयंपाकघरात त्यांनी एक फळी ठोकली होती, जरा जास्तच खाली. मी म्हटलं, इतकी खाली कशाला? "ती एवढीच आहे," असं म्हणून त्यांनी आपल्या खांद्याच्याही खाली हात धरला. पीठ मात्र घरात आणायचंच नाही, पोळ्या मालकांकडून येतील, हेही ठरवून झालं होतं. पलंग एक नवा घेतला होता, दोघांचा. परत निघताना गच्चीवर उभं राहून म्हणाले, "आता आत झोपायला हरकत नाही."

वहिनी आल्या नाहीत.

त्यांना यायचं नव्हतं असं नाही. आधी नातीची परीक्षा होती. मग मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेले. मग बाळ लहान होतं आणि मुलीची नोकरी सुरू झाली. प्रत्येक कारण खरं होतं. जिन्यावरून मला ऐकू यायचं. "हो हो, परीक्षा होऊ दे. घर कुठं पळून राहिलं?" पुढे पुढे घराचा विषय निघेनासा झाला. पुन्हा जेवलीस का, काय भाजी होती, आणि श्वास. भाऊ कधीही "ये" असं म्हणाले नाहीत. मी एकदा त्यांना तसं सुचवलं. ते म्हणाले, "मी जा म्हटलं तेव्हा गेली ती. आता ये कोणत्या तोंडानं म्हणू? तिचं तिकडे सगळं बसलं आहे आता. भजनाला जाते. तिथल्या बाया तिला ओळखतात."

मग ते रिटायर झाले. शाल, नारळ, फोटो. प्राचार्यांनी भाषणात म्हटलं की भाऊंनी मैदान कायम हिरवंगार ठेवलं. भाऊ मान खाली घालून हसत होते, कारण आठ महिने ते पिवळंच असायचं. दुसऱ्या आठवड्यात ते नाशिकला गेले. कायमचे, असं सगळ्यांना सांगून. मी त्यांना वहिनींसाठी एक इंदुरी साडी दिली.

बाविसाव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या दारात उभे.

"काय झालं?"

"काही नाही झालं. सगळे चांगले आहेत." खुर्चीवर बसले. "सातव्या मजल्यावर आहे ना. खाली त्यांची बाग आहे, मोठी. एक माणूस मशीन घेऊन येतो. भर दुपारी, मुळापासून कापतो, उलट्या वाऱ्यानं. मी खाली जाऊन त्याला सांगितलं, भैया, सकाळी ये, पातं वर कर. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच मशीन घेतली हातात. सोसायटीचे सेक्रेटरी जावईबापूंना बोलले. जावईबापू भले माणूस, फक्त म्हणाले, बाबा, तुम्ही बसा ना आता. सगळे तेच म्हणतात. बसा. ही पण म्हणते."

"वहिनी काय म्हणाल्या, तुम्ही निघालात तेव्हा?"

"म्हणाली, उन्हात फिरू नका." टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं. "तिला माझी सवय राहिली नाही ताई. रात्री मी खोकलो की दचकून उठायची. घरात कोण आहे म्हणून."

त्यानंतरची दोन वर्षं भाऊ जवळजवळ रोज यायचे. मैदान आता ठेकेदाराकडे होतं. खांद्याला अडकवायच्या मशीन घेऊन चार माणसं यायची, एका दिवसात सगळं उरकून जायची, आणि त्यांच्यामागे उघडी माती राहायची. मार्च-एप्रिलमध्ये तर कॉलेजभर धूळ. भाऊ खिडकीशी उभे राहून बघायचे, कोणाला काही म्हणायचे नाहीत. मग माझ्याकडे फडकं मागायचे, ते ओलं करून घट्ट पिळायचे आणि कपाटं पुसायला लागायचे. मी अडवलं तर म्हणायचे, "सुक्या फडक्यानं धूळ जात नाही, नुसती जागा बदलते." पुस्तक मात्र त्यांनी एकही उघडलं नाही. पाठीवरची नावं वाचायचे आणि रांगेत लावून ठेवायचे. दुपारी जिन्यावर बसून फोन. मी आत डबा उघडायची.

खोकला त्यांना पूर्वीपासून होता. त्या हिवाळ्यात वाढला. तेल आणि गमछा असले तरी तीस वर्षांत जे आत जायचं ते गेलंच असणार. मी सदर बाजारातल्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला, ते "जातो" म्हणाले.

फेब्रुवारीत मी भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सांगलीला गेले होते. घरात पन्नास माणसं. दुपारी फोन बघितला तर भाऊंचे दोन कॉल येऊन गेले होते. जेवणाच्या सुट्टीची वेळ. कॉलेजबद्दल काही असेल, मग करते, म्हणून मी वाढायला उठले. दुसऱ्या दिवशी विसरले. आणखी तीन दिवसांनी जबलपूरला उतरले, कॉलेजात आले, तेव्हा शिपायानं जिन्यातच सांगितलं. ताप आला, छाती भरली, घरमालकांनी हॉस्पिटलात नेलं, दोन दिवसांत आटोपलं. मुलगी आणि वहिनी पोहोचल्या त्या थेट नर्मदेकाठी, ग्वारीघाटाच्या स्मशानात.

ते दोन कॉल कशासाठी होते ते मला माहीत नाही. मी माझ्या फोनमधून ती ओळ पुसलेली नाही.

तेरावं झाल्यावर एक दिवस सकाळी वहिनी आल्या. खरंच लहानखुऱ्या होत्या. मुलगी सामान बांधत होती, ती तासाभरानं न्यायला येणार होती. वहिनी टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लायब्ररीवाल्या ताई ना? रोज सांगायचे तुमचं. आज ताई रागावल्या, आज ताई हसल्या."

मी त्यांना बसवलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"ते इथेच होतं का त्यांचं काम? मी कधी बघितलं नाही. धुळीचं आहे म्हणून मला आणलंच नाही कधी."

मी त्यांना खाली घेऊन गेले. आम्ही मैदानाच्या कडेनं चाललो. ऊन चढायला लागलं होतं, गवत पिवळं पडलेलं. त्यांनी विचारलं, "हे सगळं कापायला किती दिवस लागायचे?"

"पाच-सहा."

"मला म्हणायचे, सकाळचं काम आहे, दुपारी मोकळा." त्यांनी वाकून गवताची एक काडी खुडली. "घर बघितलं मी. फळी अगदी बरोबर लावली आहे, हात पुरतो. येणार होते हो मी. दर वेळी वाटायचं, एवढं झालं की जाऊ. त्यांनी एकदा जरी ये म्हटलं असतं, तर बाळाला पाळणाघरात ठेवलं असतं मुलीनं. पण ते कधी म्हणालेच नाहीत. मला वाटलं, त्यांनाच एकट्याची सवय झाली असेल."

भाऊ ये का म्हणत नव्हते, ते मला ठाऊक होतं. सांगावं की न सांगावं, मला कळेना. मी सांगितलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि अनवाणी गवतात शिरल्या, मैदानाच्या मधोमध जाऊन थांबल्या.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला ठेकेदाराच्या माणसांनी मशीन सुरू केल्या. वारा आमच्याच बाजूला होता. धुळीचा आणि भुशाचा लोट मैदानावरून सरकत आला. मी हाक मारली, "वहिनी, या इकडे. त्रास होईल."

त्यांनी मागे न बघता हात वर केला. "राहू द्या," म्हणाल्या. "याच्यानं काही नाही होत मला."

लोट त्यांच्यावर आला. पांढरं पातळ पिवळं झालं, केस पिवळे झाले. त्या डोळे मिटून उभ्या होत्या आणि मोठ्यानं, सावकाश श्वास घेत होत्या.